विद्यापीठात व्याख्यानासह सिनेमा बघायला जाताना

नोटीस बोर्डावर ‘चित्रपट प्रदर्शन व व्याख्यान’ असा कागद लागला की नवी पोरं दोनच गोष्टी विचारतात. सिनेमा कुठला, आणि व्याख्यान किती वेळ? दुसरा प्रश्न विचारताना तोंड असं होतं, जणू जेवणाआधी कुणी काढा पाजणार आहे. भीती अगदीच खोटी नाही. तासभर नुसती नावं आणि सनावळ्या वाचून दाखवणारे वक्ते असतात. पण चांगला वक्ता डोळे कुठे ठेवायचे, कान कुठे द्यायचे एवढं सुचवतो आणि पडद्यासमोरून बाजूला होतो. त्याच्याकडून काय घ्यायचं आणि नंतर आपण काय बोलायचं, हे जमलं की असल्या कार्यक्रमांची चटक लागते.

गडहिंग्लज, राधानगरी, शिरोळकडून येऊन वसतिगृहात राहणारे विद्यार्थी, आणि ‘विद्यापीठातलं आपल्यासाठी नसतं’ असं धरून चालणारे शहरातले रसिक, दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. सिनेमा कोल्हापूरला परका नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच देशी कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १ जून १९२९ ला ‘प्रभात’ फिल्म कंपनीही इथंच जन्मली. आपल्याकडे सवय कमी आहे ती सिनेमा संपल्यावर खुर्चीत बसून राहायची.

आधी कार्यक्रमाची जात ओळखा

खबर मिळवायला फार खटपट लागत नाही. शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आणि भाषांचे विभाग यांच्या फलकांवर नजर ठेवायची, एखाद्या विद्यार्थ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरकाव करून घ्यायचा. शहरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी आहे, ती आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवही भरवते. दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या बाहेरचे फलक जाता-येता वाचत चला, अधूनमधून काहीतरी हाती लागतं. बाहेरच्या माणसाने विद्यापीठातल्या कार्यक्रमाला जाण्याआधी ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहिलंय का ते बघावं. लिहिलेलं नसेल तर विभागात फोन करून विचारावं. काही खेळ फक्त विद्यार्थी-शिक्षकांसाठी ठेवतात. त्याला कायद्याचं कारण आहे, ते शेवटी सांगतो.

‘व्याख्यान’ या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रकार चालतात. पहिला सगळ्यात जास्त दिसतो: दहा-वीस मिनिटांचं प्रास्ताविक, मग पूर्ण सिनेमा, मग चर्चा. दुसऱ्यात पूर्ण सिनेमा नसतोच. तासाभराचं व्याख्यान आणि मध्ये मध्ये पाच-सात तुकडे. तिसरा प्रकार दमवणारा आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. त्यात एकच प्रसंग थांबवून थांबवून, मागे-पुढे करून दाखवतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवणारे सतीश बहादूर यांचं नाव अशी फोड करण्यासाठी आजही घेतलं जातं. (ती संस्था प्रभातच्याच जुन्या स्टुडिओच्या आवारात आहे, म्हणजे एका अर्थाने कोल्हापूरचंच बियाणं.) पहिल्यांदाच जाणार असाल तर पहिल्या प्रकाराला जा. तुकड्यांच्या कार्यक्रमाला तो सिनेमा आधी पूर्ण पाहिलेला असेल तरच जाण्यात अर्थ आहे, नाहीतर लोक कशाला माना डोलावतायत ते कळत नाही.

जाण्याआधी अर्धा तास

गोष्ट आधी कळली तर मजा जाईल, ही भीती अशा सिनेमांच्या बाबतीत सोडून द्या. हरिश्चंद्राची गोष्ट १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ बघायला गेलेल्या प्रत्येकाला पाठ होती, तरी लोक गेलेच. परभाषेतला सिनेमा असेल तर गोष्ट चार ओळींत वाचून जाच. पात्रांची नावं, कोण कुणाचं कोण, एवढं ठाऊक असलं की इंग्रजी सबटायटल एखादं निसटलं तरी घाबरगुंडी उडत नाही. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घरी बसणारी हुशार मुलं दरवर्षी दिसतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगतोय.

समीक्षा मात्र आधी वाचू नका. वाचलीत की दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागता, आणि चर्चेत त्याचीच वाक्यं तुमच्या तोंडातून बाहेर पडतात.

वेळेचं गणित मांडून निघा. पत्रिकेत पाच लिहिलंय म्हणजे साडेपाचला पाहुणे येणार, मग स्वागत, रोपाला पाणी, परिचय, पुस्तक भेट. दोन तासांचा सिनेमा सहा-सव्वासहाला सुरू झाला तर चर्चा रंगायला साडेआठ वाजतात. वसतिगृहाची वेळ, केएमटीची शेवटची बस, सोबतीला कोण, हे आधी ठरवून ठेवा. नाहीतर नेमकं बोलायच्या वेळी निम्मं सभागृह चपला शोधत असतं. जुलै-ऑगस्टात छत्री लागतेच. ती मिटून खुर्चीखाली आडवी ठेवा. अंधारात उभी छत्री पडली की तिचा आवाज बरोब्बर शांत प्रसंगात येतो.

कुठं बसायचं

बहुतेक विभागांची सभागृहं सिनेमासाठी बांधलेली नसतात. जमीन सपाट आणि पडदा खाली. त्यामुळे पुढच्या माणसाच्या डोक्यामागे नेमकी सबटायटलची ओळ जाते. तिसऱ्या-चौथ्या रांगेत मधल्या वाटेकडेची खुर्ची धरा. बाजूला वाट असल्यामुळे पुढचं डोकं आडवं आलं तरी जरा कललं की पडदा दिसतो. पहिली रांग पाहुण्यांची, ती सोडा. अगदी मागची रांग फोनवाल्यांची, ती तर सोडाच.

प्रास्ताविक कसं ऐकायचं

नवखी मंडळी वक्त्याचं सगळं उतरवून घ्यायला बघतात: दिग्दर्शकाचा जन्म, पुरस्कार, आधीचे सिनेमे. ते सगळं नंतर कुठंही मिळतं. प्रास्ताविकातून दोनच प्रकारच्या गोष्टी वेचायच्या. एक, हा सिनेमा बनला तेव्हा काय शक्य होतं आणि काय नव्हतं. दोन, वक्ता ‘हे बघा’, ‘हे ऐका’ असं कशाबद्दल म्हणाला.

‘अयोध्येचा राजा’ कोल्हापुरात तयार झालेला, मराठीतला पहिला बोलपट. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं, गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. आजच्या मुलांना तो दाखवला की पाच मिनिटांत कुजबुज सुरू होते, ‘नाटकासारखं वाटतंय.’ वाटणारच. पण प्रास्ताविकात कुणी एवढं सांगितलं की पार्श्वगायन आपल्याकडे यायला अजून तीन वर्षं होती, गाणं ज्या नटाचं त्यानेच कॅमेऱ्यासमोर गायचं, साजिंदे चौकटीच्या बाहेर बसलेले आणि माइक जिथे पोचेल तिथेच माणूस उभा, तर तोच प्रसंग वेगळा दिसायला लागतो. नट जागचा का हलत नाही, वाक्य एवढं ठासून का म्हणतो, याचं उत्तर मिळतं. मग डोळे आपोआप दुसरीकडे वळतात: नेपथ्य, उजेड, गर्दीची मांडणी. ही माणसं आधी रंग आणि कुंचला हातात धरलेल्या बाबूराव पेंटरांच्या तालमीतली आहेत हे तिथं दिसतं.

मूकपटांचं तसंच. जुन्या मूकपटातली माणसं तुरुतुरु पळताना दिसतात आणि सभागृह हसतं. ती पळत नव्हती. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग सेकंदाला सोळा-अठरा चौकटींच्या आसपास, तोही कमी-जास्त. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चौकटी हा वेग ठरला. हळू टिपलेली फीत जलद चालवली की माणूस पळणारच. हे आधी कुणी सांगितलं असेल तर तुम्ही हसणाऱ्यांत नसता, आणि योग्य वेगाने दाखवलेली प्रत कुठली हेही ओळखता येतं.

वक्ता ‘हे ऐका’ म्हणाला तर खरंच ऐका. प्रभातचा ‘कुंकू’ (१९३७) हे याचं उत्तम उदाहरण. फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेल्या मुलीची गोष्ट; पण त्यात पार्श्वसंगीताचा आधार न घेता प्रसंगातलेच आवाज वापरलेत. भिंतीवरचं घड्याळ कुठे कुठे ऐकू येतं आणि तेव्हा पडद्यावर कोण असतं, एवढी एकच गोष्ट धरून सिनेमा बघितलात तरी बाहेर पडताना बोलायला भरपूर असेल.

अंधारात टिपण

वही लहान घ्या, पेन्सिल घ्या. फोनवर टिपायचं नाही. तुमचा उजेड मागच्या चार जणांच्या डोळ्यांत जातो. वहीकडे न बघता लिहायचं, एका ओळीत दोन-तीनच शब्द, आणि प्रत्येक नोंदीनंतर ओळ सोडायची, नाहीतर एकावर एक चढतं. डाव्या हाताचा अंगठा शेवटच्या ओळीवर ठेवला की पुढची ओळ कुठं सुरू करायची ते कळतं. लिहायचं ते असं: ‘दार – उंबरा – आई पाठमोरी’. ‘छान सीन’ असं लिहिलंत तर घरी गेल्यावर कुठला सीन आणि काय छान, यातलं काहीच आठवणार नाही. वस्तू, जागा, आवाज, हालचाल. विशेषणं नकोत.

दहा-बारा नोंदी पुरतात. डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ द्या, तेव्हा वही मिटा.

थोडे शब्द तेवढे अंगवळणी पाडा. कॅमेरा सुरू होऊन थांबेपर्यंतचा, मध्ये न कापलेला तुकडा म्हणजे शॉट. एका जागी, एका वेळी घडणारे शॉट मिळून सीन. दोन शॉटांच्या सांध्याला कट म्हणायचं. कॅमेरा जागच्या जागी मान वळवतो तो पॅन, अख्खा पुढे-मागे सरकतो ती ट्रॉली. एवढ्या भांडवलावर पहिलं वर्ष निघतं. ‘मीझाँसेन’ वगैरे ऐकू आलं तर दचकू नका. चौकटीत काय काय आणि कसं मांडलंय, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

दिवे लागल्यावर

इथून पुढचा भाग सगळ्यात अवघड, आणि लोक नेमके इथूनच उठून जातात.

चर्चेचा एक साधा नियम धरा: आधी काय दिसलं, काय ऐकू आलं ते सांगायचं, मग काय वाटलं, आणि अर्थ सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं होतं. पहिला हात वर होतो आणि पहिलंच वाक्य येतं, ‘सर, यातून दिग्दर्शकाला समाजाला काय संदेश द्यायचा आहे?’ या प्रश्नाला वक्ता भाषणाने उत्तर देतो, मग दुसरा कुणी स्वतःचं भाषण करतो, आणि सिनेमा बाजूला राहतो. संदेश विचारण्यात पाप नाही, पण तो प्रश्न सिनेमा न बघताही विचारता येतो. तिथेच खोट आहे.

‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. दामले-फत्तेलाल यांचा हा सिनेमा प्रभात पुण्याला गेल्यावर बनला, पण दोघेही घडले ते कोल्हापुरात. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. सिनेमाच्या सुरुवातीलाच तुकोबा भजनात रंगलेले दिसतात, आणि लगेच त्यांचा हेवा करणारा सालोमालो तीच रचना आपली म्हणून गाताना. आता यावर तीन जण कसं बोलतात बघा.

एक म्हणतो, ‘यात ढोंगीपणावर टीका आहे.’ बरोबर आहे, पण इथंच गाडी थांबते. पुढं कुणाला काही म्हणायला जागा नाही. दुसरी म्हणते, ‘मला सालोमालो बघताना हसू आलं आणि रागही आला.’ हे बरं. आता तिला ‘का?’ असं विचारता येतं. तिसरी म्हणते, ‘शब्द तेच होते. पण एक स्वतःत बुडून गातोय आणि दुसऱ्याचं लक्ष ऐकणाऱ्यांकडे आहे. दोन्ही लागोपाठ दाखवल्यामुळे चोर कोण हे कुणी न सांगताच कळलं. सर, हे दोन प्रसंग लांब लांब असते तर कळलं असतं का?’ या प्रश्नावर सगळं सभागृह अर्धा तास बोलू शकतं. जिला ‘एडिटिंग’ हा शब्दही ठाऊक नसेल तिलाही तो सुचू शकतो, कारण तिने नीट बघितलंय.

‘पिक्चर लई स्लो होता’ ही तक्रार हमखास येते. येऊ द्या, पण तिला थोडं ढकला. हळू म्हणजे काय? शॉट लांब होते? माणसं कमी बोलत होती? का काही घडतंय असं तुम्हाला वाटत नव्हतं? कुठल्या ठिकाणी पहिल्यांदा घड्याळ बघितलंत? तक्रार करणाऱ्यालाच हे विचारलं की बऱ्याचदा तोच त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला मुद्दा मांडतो.

प्रश्न एकच विचारायचा, अर्ध्या मिनिटात. ‘माझे तीन प्रश्न आहेत’ असं म्हणणाऱ्याचा एकही प्रश्न कुणाच्या लक्षात राहत नाही. वक्त्याचं म्हणणं पटलं नसेल तर खुशाल सांगा, पण पडद्यावरच्या प्रसंगाचा दाखला देऊन: ‘मॅडम, तुम्ही म्हणालात ती शेवटी एकटी पडते, पण शेवटच्या शॉटमध्ये तिच्या मागे शेजारीण उभी होती.’ चांगल्या वक्त्याला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्या पुढच्या व्याख्यानाला जाऊ नका, वेळ वाचेल.

गावाकडून आलेल्यांना भाषेचा संकोच असतो. मराठीत विचारा, आपल्या बोलीत विचारा. शेतातलं, गोठ्यातलं, बाजारातलं काही पडद्यावर आलं तर ते खरं आहे का खोटं हे तुम्हाला वक्त्यापेक्षा जास्त कळतं. औत धरलेल्या नटाचा हात बघून ‘ह्यानं कधी औत धरलेलं नाही’ हे सांगणारा विद्यार्थी अभिनयावरच बोलत असतो.

माहिती विचारायचाही मोह आवरू नका, पण ती चर्चेनंतर, चहाच्या टेबलापाशी. तिथं फार चांगल्या गोष्टी कळतात. उदाहरणार्थ, ‘आधी बीज एकले’ हे ‘संत तुकाराम’मधलं पद तुकोबांचं म्हणून अनेक जण गातात. ते लिहिलंय शांताराम आठवले यांनी.

त्याच रात्री

झोपण्याआधी टिपणांवरून आठ-दहा ओळी लिहून काढा. दुसऱ्या दिवशी अंधारातल्या अक्षराचा तुम्हालाच पत्ता लागत नाही. एक प्रसंग निवडा आणि तो शॉटांच्या क्रमाने आठवून लिहायचा प्रयत्न करा. नंतर तो प्रसंग पुन्हा बघायला मिळाला तर ताडून बघा. आपल्या डोक्याने किती शॉट स्वतःच्या मनाने घुसडले ते पाहून गंमत वाटते.

वाचायचं असेल तर विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहेच. कॅम्पसवर वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे, तिथं एक चक्कर टाका. कादंबरीकार म्हणून ठाऊक असलेल्या खांडेकरांनी मास्टर विनायकांच्या ‘छाया’ (१९३६) सिनेमाची कथा लिहिली होती, आणि तो काढणारी हंस पिक्चर्स कोल्हापूरचीच.

तुम्हालाच प्रास्ताविक करायला सांगितलं तर

दुसऱ्या वर्षापर्यंत ही पाळी येतेच, सर बोट दाखवतात आणि ‘दहा मिनिटं बोल’ म्हणतात. दहा म्हणजे दहा. दिग्दर्शकावर दोन मिनिटं, त्या काळावर तीन, आणि उरलेली पाच फक्त बघायच्या-ऐकायच्या दोन गोष्टींवर. शेवट फोडू नका. ‘हा जगातला महान सिनेमा आहे’ हे वाक्य तर अजिबात नको. ते ऐकलं की प्रेक्षक परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो आणि त्याला न आवडण्याची मुभाच उरत नाही. एखादा तुकडा आधी दाखवायचा असेल तर दोन मिनिटांच्या आतला, आणि सुरुवातीच्या भागातलाच.

परवानगीचं बघून घ्या. घरी पैसे भरून बघतो तो सिनेमा सभागृहात लावायचा हक्क त्यात येत नाही. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला तिच्या कामाचा भाग म्हणून सिनेमा दाखवण्याची सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असावे लागतात. गाव बोलवायचं असेल तर हक्कदाराची लेखी परवानगी घ्या. भारतात सिनेमावरचा प्रताधिकार प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्यामुळे प्रभातचे १९३० च्या दशकातले सिनेमे त्या मुदतीच्या बाहेर गेलेत. मात्र नव्याने दुरुस्त केलेली प्रत कुणाकडून आणताय, त्यांच्या अटी काय आहेत, ते विचारायचंच.

आदल्या दिवशी त्याच सभागृहात, त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर सिनेमा लावून बघा. ट्रेलर चाललं म्हणजे सगळं चालेल असं नसतं. सुरुवात, मधला भाग आणि शेवटची दहा मिनिटं, तिन्ही ठिकाणी सबटायटल ओठांशी जुळतायत का ते तपासा. सुरुवातीला जुळलेली ओळ शेवटाकडे चार-पाच सेकंद मागे पडते, हे फार वेळा होतं. जुना सिनेमा जवळपास चौकोनी असतो, रुंदीला चार तर उंचीला तीन. प्रोजेक्टर तो ताणून पडदाभर करतो आणि सगळी पात्रं आडवी सुटल्यासारखी दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. खिडक्यांना काळं कापड लावा, मार्च-एप्रिलमध्ये सातपर्यंत उजेड असतो. आणि आवाज तपासताना एकाला शेवटच्या रांगेत बसवून पंखे सुरू करायला सांगा. पंखे बंद ठेवून केलेली तपासणी दुसऱ्या दिवशी काही कामाची नसते.